‘परवानगी नाकारली’ : सामाईक लायब्ररी, ७७७ चा उतारा आणि तारापूरचा धडा

१/२४
१९६४ साली जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीच्या दप्तरी दोन मोठी कामे आली. एक काम तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर तालुक्याच्या किनाऱ्यावरचे : तारापूरच्या अणुवीजकेंद्रासाठी उकळत्या पाण्यावर चालणाऱ्या दोन अणुभट्ट्या. दुसरे काम मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे : ‘मल्टिक्स’ या संगणकप्रणालीसाठी नवे यंत्र, जीई-६४५. वरवर पाहता या दोहोंचा परस्परांशी काडीचा संबंध नाही. परंतु पुढील काही दशकांत दोन्हीकडे एकच प्रश्न उभा राहिला. सामाईक वस्तू कोणी वापरायची, किती वापरायची आणि कोणाच्या परवानगीने? हा धागा त्या प्रश्नाच्या इतिहासाचा आहे, आणि त्या प्रश्नाला बगल देणाऱ्यांच्या विरोधात आहे.

२/२४
प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे. एका यंत्रावर विनातक्रार चालणारा प्रोग्राम दुसऱ्या यंत्रावर नेला जातो. तेथे तो उघडत नाही. पडद्यावर शब्द उमटतात : सामाईक लायब्ररी उघडता आली नाही, परवानगी नाकारली. फाइल जागेवर असते, तिचे नाव बरोबर असते, आकारही तोच असतो. तरीही नकार! मग कोणी जाणता माणूस पुढे सरसावतो आणि एका ओळीचा उतारा देतो : ‘सीएचमॉड ७७७’. विंडोजवर त्याचेच दुसरे रूप : ‘एव्हरीवन, फुल कंट्रोल’. प्रोग्राम चालू लागतो, सर्वांचे समाधान होते. आजाराचे निदान मात्र कोणीच केलेले नसते. इतिहासाच्या अभ्यासकाला हा उतारा खटकायला हवा, कारण तो विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देत नाही. प्रश्नच पुसून टाकतो.

३/२४
प्रथम सामाईक लायब्ररी म्हणजे काय ते पाहावे. पडद्यावर अक्षर काढणे, फाइल उघडणे, तारखांचा हिशेब करणे ही कामे शेकडो प्रोग्रामांना लागतात. प्रत्येकाने त्यांचा मजकूर आपापल्या पोटात वागवण्याऐवजी तो एकाच फाइलीत ठेवला जातो आणि सर्व प्रोग्राम गरजेच्या वेळी तेथून घेतात. लिनक्सवर अशा फाइलींना ‘एसओ’ म्हणतात, विंडोजवर ‘डीएलएल’, मॅकवर ‘डायलिब’. गावाकडच्या भाषेत ही सामाईक विहीर होय. प्रत्येक घराने स्वतंत्र विहीर खणण्यापेक्षा एकच खणली, पैसा वाचला, जागा वाचली. पण त्याच क्षणी वाटण्या, पाळ्या आणि हक्क यांचा प्रश्न जन्माला आला. खासगी विहिरीवर भांडण होत नाही. भांडण होते ते सामाईक विहिरीवर.

४/२४
हक्कांची नोंद कशी होते? सात-बारा ज्याने पाहिला आहे त्याला युनिक्सची पद्धत परकी वाटू नये. प्रत्येक फाइलीला एक मालक असतो, एक गट असतो आणि उरलेले सारे ‘इतर’. या तिघांना तीन प्रकारचे हक्क मिळू शकतात : वाचणे, लिहिणे आणि चालवणे. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचे १. बेरीज ७ झाली की सर्व हक्क मिळाले. म्हणजे ६४४ चा अर्थ मालक वाचू-लिहू शकतो, इतरांनी केवळ वाचावे. ७७७ चा अर्थ मालकाला, गटाला आणि वाटेवरच्या कोणालाही सर्व काही मुभा. सात-बाऱ्यावर असा फेरफार करायला कोणताही खातेदार तयार होणार नाही. संगणकावर मात्र तो दिवसाढवळ्या होतो, आणि करणाऱ्याला हुशार समजले जाते.

५/२४
आता मल्टिक्सकडे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट, बेल लॅबोरेटरीज आणि जनरल इलेक्ट्रिक यांनी मिळून घडवलेल्या या प्रणालीत सामायिकता आणि परवानगी या दोन गोष्टींचा विचार एकत्र झाला होता. प्रोग्राम चालू असतानाच त्याला लागणारा दुसरा भाग शोधून जोडायचा, ही आजच्या सामाईक लायब्ररीमागची कल्पना मल्टिक्समध्ये पूर्ण रूपात होती. आणि त्या प्रत्येक भागाला स्वतःची हक्कयादी होती : कोणी वाचायचे, कोणी लिहायचे, कोणी चालवायचे. त्यावर संरक्षणाची वर्तुळे होती. आतल्या वर्तुळातील कामाला बाहेरच्याने वाटेल तसा हात घालायचा नाही. विहीर खणतानाच पाळीपत्रक लिहिले गेले होते, असे म्हणता येईल. हा मुद्दा ध्यानात ठेवावा, कारण पुढचा सारा गोंधळ तो विसरल्यामुळे झाला.

६/२४
१९६९ साली बेल लॅबोरेटरीज मल्टिक्समधून बाहेर पडली. काम लांबले होते आणि खर्च वाढला होता. त्याच उन्हाळ्यात तेथील केन थॉम्पसन यांनी एका जुन्या, लहान पीडीपी-७ यंत्रावर स्वतःची छोटी प्रणाली लिहिली. तीच पुढे युनिक्स झाली. त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला तारापूरच्या दोन्ही अणुभट्ट्यांचे व्यावसायिक वीजउत्पादन सुरू झाले. पुढच्याच वर्षी जनरल इलेक्ट्रिकने संगणकाचा धंदा हनीवेल कंपनीला विकून टाकला. युनिक्सने मल्टिक्सकडून बरेच काही घेतले, पण दोन गोष्टी मागे ठेवल्या : चालत्या प्रोग्रामला भाग जोडण्याची सोय आणि प्रत्येक भागाची सविस्तर हक्कयादी. लहान यंत्रावर दोन्हींना जागा नव्हती. तो निर्णय त्या काळी शहाणपणाचाच होता.

७/२४
नोव्हेंबर १९७१ मधील युनिक्सच्या पहिल्या आवृत्तीत परवानगीसाठी अवघ्या सहा खुणा होत्या. मालकाने वाचणे, मालकाने लिहिणे, इतरांनी वाचणे, इतरांनी लिहिणे, चालवण्याची एक आणि सहावी खूण ‘चालवणाऱ्याने तात्पुरता मालकाचा अधिकार धारण करावा’ अशी. या सहाव्या कल्पनेचे पेटंट डेनिस रिची यांच्या नावे १९७९ मध्ये मंजूर झाले. ‘गट’ तेव्हा अस्तित्वातच नव्हता. तो नंतरच्या आवृत्त्यांत आला. आणि ‘चालवणे’ ही खूण सर्वांसाठी मिळून एकच होती. ज्या नऊ खुणांना आज लोक निसर्गनियम समजतात, त्या एका लहान यंत्राच्या मर्यादांतून टप्प्याटप्प्याने साचलेल्या आहेत. त्यांत अटळ असे काही नाही.

८/२४
त्यानंतर अनेक वर्षे युनिक्सच्या जगात हा वाद उद्भवलाच नाही. कारण सामाईक विहीरच नव्हती. प्रत्येक प्रोग्राम तयार होताना त्याला लागणाऱ्या लायब्ररीचा मजकूर त्याच्या पोटात कायमचा शिवला जाई. एकदा शिवला की त्या लायब्ररीच्या मूळ फाइलीला कोण वाचू शकते, हा प्रश्न प्रोग्राम चालवणाऱ्यापुरता मिटलेला असे. प्रोग्राम स्वतः ‘चालवण्याची’ वस्तू, बाकी फाइली ‘वाचण्याच्या’ वस्तू, अशी सरळ वाटणी होती. हक्कांच्या खुणा या सरळ वाटणीसाठी बेतलेल्या होत्या. मधली कोणतीही वस्तू, जी स्वतः चालत नाही पण जिच्यातला मजकूर दुसऱ्याच्या अंगातून चालतो, ती त्या नकाशावर नव्हती.

९/२४
१९८० च्या दशकात परिस्थिती पालटली. खिडक्या, चित्रे आणि माउस घेऊन आलेल्या प्रणालींच्या लायब्रऱ्या इतक्या फुगल्या, की प्रत्येक प्रोग्रामने त्यांची प्रत वागवणे मेमरीला परवडेना. मेमरी महाग होती. एटी अँड टीच्या सिस्टिम ५ च्या तिसऱ्या आवृत्तीने ठरावीक पत्त्यांवर बसणाऱ्या सामाईक लायब्रऱ्या आणल्या. सन मायक्रोसिस्टिम्सने सनओएस ४.० मध्ये खरोखर लवचीक अशी रचना दिली. मल्टिक्सची अर्धी कल्पना परत आली. उरलेली अर्धी, म्हणजे तिच्यासाठीच बेतलेली हक्कव्यवस्था, परत आली नाही. १९७० च्या दशकात ठरलेल्या खुणा १९८० च्या दशकातील नव्या वस्तूला जशाच्या तशा चिकटवण्यात आल्या. वादाचे मूळ येथे आहे.

१०/२४
कारण आता एक साधा दिसणारा प्रश्न प्रत्येक प्रणालीला सोडवावा लागला. लायब्ररी ही ‘वाचण्याची’ फाइल की ‘चालवण्याची’? लिनक्सच्या लोडरने ठरवले की वाचता आली तरी पुरे. म्हणून डेबियनमध्ये लायब्रऱ्या ६४४ हक्कांनी सुखेनैव नांदतात. रेड हॅटच्या घराण्यात त्यांना ७५५ देण्याची रीत पडली. ह्यूलेट-पॅकार्डच्या एचपी-यूएक्सने चालवण्याचा हक्क आवश्यक मानला. विंडोज एनटीने, १९९३ पासून, हक्कांची सविस्तर यादी ठेवली आणि डीएलएल मेमरीत घेताना ‘रीड अँड एक्झिक्यूट’पैकी दुसऱ्या शब्दाची मागणी केली. एकच वस्तू, तेच हक्क, आणि प्रत्येक दरबारात वेगळा निवाडा. यांपैकी कोणीही ‘चूक’ नाही. प्रत्येकाने आपल्या पूर्वजांच्या रिवाजाप्रमाणे न्याय केला.

११/२४
या मतभेदाचा लेखी पुरावा मौजेचा आहे. निरनिराळ्या प्रणालींवर लायब्रऱ्या बांधून देणारे ग्नू लिबटूल नावाचे साधन आहे. त्याच्या मजकुरात एचपी-यूएक्ससाठी स्वतंत्र तरतूद आहे : तेथे लायब्ररीचे हक्क ५५५ नसतील तर काम अतिशय मंद चालते किंवा साफ बिघडते, म्हणून हक्क बदलून द्यावेत. विंडोजवर युनिक्सचा आभास निर्माण करणाऱ्या सिग्विनसाठीही डीएलएलला चालवण्याचा हक्क देणारी वेगळी ओळ त्यात आहे. देशोदेशीच्या जकात नाक्यांचे नियम पाठ असलेल्या जुन्या व्यापाऱ्याची ती वही आहे. ज्यांना परवानगीचा प्रश्न ‘किरकोळ’ वाटतो, त्यांनी ही वही एकदा चाळावी. किरकोळ गोष्टींसाठी कोणी इतक्या नोंदी ठेवत नाही.

१२/२४
आता पालघर किंवा बोईसरच्या एखाद्या संगणक प्रयोगशाळेतील विद्यार्थ्याची कल्पना करावी. लायब्ररीची फाइल त्याने पेनड्राइव्हवर घेतली. पेनड्राइव्ह बहुधा फॅट घराण्याच्या पद्धतीने मांडलेला असतो, आणि फॅटला मालक, गट, इतर ही भाषाच ठाऊक नाही. हक्कांची नोंद वाटेतच गळून पडते. पलीकडचे यंत्र ती फाइल स्वीकारताना स्वतःच्या मनाने सरसकट हक्क लावते. त्यातून पेनड्राइव्ह ‘येथून काहीही चालवू नये’ या अटीवर जोडलेला असेल, तर फाइलीवर ७७७ लिहिलेले दिसत असूनही लोडर नकार देतो. म्हणजे ज्या उताऱ्यावर सर्वांचा विश्वास, तो या ठिकाणी लागूही पडत नाही. अडचण फाइलीत नसून ती ठेवलेल्या जागेत असते.

१३/२४
दुसरी वारंवार नजरेआड होणारी गोष्ट म्हणजे वाट. लायब्ररीची फाइल सर्वांना खुली असेल, पण तिच्यापर्यंत नेणाऱ्या फोल्डरांपैकी एखादे बंद असेल, तर फाइल असून नसल्यासारखी. युनिक्समध्ये फोल्डरवरच्या ‘चालवणे’ या खुणेचा अर्थच ‘यातून पुढे जाण्याची मुभा’ असा आहे. विहीर सर्वांची, पण पायवाट एकाच्या बांधावरून जाते, तशी ही गत. याशिवाय आणखी एक पहारा असू शकतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने घडवून २००० च्या डिसेंबरात खुला केलेला एसई-लिनक्स हा त्यांपैकी प्रसिद्ध. नऊच्या नऊ खुणा अनुकूल असल्या तरी तो ‘नाही’ म्हणू शकतो. पडद्यावर संदेश मात्र तोच येतो : परवानगी नाकारली. तीन वेगळ्या पहारेकऱ्यांचा एकच आवाज.

१४/२४
म्हणून पहिला आक्षेप स्पष्टपणे नोंदवायला हवा. ‘वापरणाऱ्याला अक्कल नाही’ हे या अडचणीचे लाडके स्पष्टीकरण निखालस खोटे आहे. ज्या विद्यार्थ्याची फाइल डेबियनवर चालली आणि विंडोजवर अडली, त्याने कोणतीही चूक केलेली नाही. तो पन्नासएक वर्षांच्या परस्परविसंगत रिवाजांच्या सीमेवर उभा आहे, आणि ती सीमा त्याला कोणी दाखवलेली नाही. अभ्यासक्रमात आज्ञा शिकवल्या जातात, त्यांचा इतिहास शिकवला जात नाही. इतिहासाविना शिकलेली आज्ञा म्हणजे अर्थ न कळता म्हटलेला मंत्र. मंत्र चालला नाही की माणूस अधिक जोराने म्हणतो. ७७७ हा तसाच जोराने म्हटलेला मंत्र आहे.

१५/२४
त्या मंत्राची किंमत कोण मोजते? लायब्ररी एकाची नसते. तिच्यात लिहिण्याचा हक्क ज्याला मिळाला, त्याला ती वापरणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामच्या अंगात शिरण्याचा हक्क मिळाला. नोव्हेंबर १९९५ मध्ये अमेरिकेतील सर्ट या संस्थेने टेलनेट सेवेबद्दल इशारा दिला, तो याच प्रकारचा. दूरवरचा माणूस लॉगिन करतानाच ‘अमुक जागेवरची लायब्ररी वापर’ असे यंत्राला सांगू शकत होता. त्यासाठी बदललेली लायब्ररी आधी त्या यंत्रावर ठेवणे तेवढे आवश्यक होते. आणि कोणालाही फाइली टाकता येतील असे खुले एफटीपी फोल्डर असेल, तर तेही साधत होते. मग पासवर्डाविना सर्वोच्च अधिकार हाती. दार कोणी फोडले नव्हते. सोयीसाठी उघडे ठेवलेले होते.

१६/२४
‘घरगुती यंत्रावर काय बिघडते?’ असे विचारणाऱ्यांनी विंडोज ९५ चे दिवस आठवावेत. तेथे फाइलीला मालक नव्हता. कोणताही नवा प्रोग्राम बसवताना तो ‘सिस्टिम’ फोल्डरातील सामाईक डीएलएल काढून तेथे स्वतःची आवृत्ती ठेवू शके. परिणामी एक खेळ बसवला की हिशेबाचा प्रोग्राम बंद पडे. या अवस्थेला त्या क्षेत्रातील लोकांनीच ‘डीएलएल नरक’ असे नाव दिले. विंडोज २००० मध्ये मायक्रोसॉफ्टला या फाइलींवर पहारा बसवावा लागला, आणि व्हिस्टापासून त्यांची मालकी ‘ट्रस्टेड इन्स्टॉलर’ या स्वतंत्र खात्याकडे गेली. सर्वांना सर्व हक्क देण्याचा हा प्रयोग लक्षावधी यंत्रांवर होऊन गेला आहे आणि तो फसला आहे. तो पुन्हा करण्याची गरज नाही.

१७/२४
२०१० साली उघडकीस आलेल्या स्टक्सनेटने हा प्रश्न संगणकाच्या पडद्यावरून कारखान्याच्या यंत्रांपर्यंत नेला. इराणच्या युरेनियम समृद्धीकरणाच्या यंत्रांवर रोखलेला हा किडा पेनड्राइव्हवरून पसरे. विंडोजच्या संगणकावरून सीमेन्सच्या पीएलसीशी, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या नियंत्रकाशी, बोलणारी एक डीएलएल होती. स्टक्सनेटने मूळ डीएलएलचे नाव बदलले आणि तिच्या जागी स्वतःची बसवली. अभियंता नियंत्रकातील मजकूर तपासू लागला की ही मधली डीएलएल त्याला निर्दोष मजकूर दाखवी. सामाईक लायब्ररी बदलली, आणि माणसाचे डोळेच बदलले. सिमँटेकने तेव्हा केलेल्या मोजणीत संसर्ग झालेल्या देशांत इराण आणि इंडोनेशियानंतर तिसरा क्रमांक भारताचा होता.

१८/२४
बोईसर-तारापूरच्या औद्योगिक पट्ट्यात म्हणूनच ७७७ हा केवळ आळशीपणा ठरत नाही. येथे रसायनांचे, औषधांचे आणि पोलादाचे कारखाने शेजारी शेजारी उभे आहेत. तापमान, दाब आणि झडपा सांभाळणारी यंत्रे पीएलसीच्या हुकमावर चालतात आणि त्या पीएलसीशी बोलणारा संगणक बहुधा विंडोजचा असतो. देखभालीसाठी येणारा बाहेरचा माणूस स्वतःचा लॅपटॉप आणि पेनड्राइव्ह घेऊन येतो. अशा संगणकावर ‘काम अडले म्हणून’ सर्वांना सर्व हक्क देणे म्हणजे झडपेला कुलूप आहे पण किल्ली खिळ्याला टांगलेली आहे, असा प्रकार. ज्या आवारात ठिणगीसाठी स्वतंत्र परवाना काढावा लागतो, तेथे फाइलीचा परवाना कस्पटासमान मानला जावा, ही विसंगती आहे.

१९/२४
सामाईक वस्तूला जबाबदार मालक नसला की काय होते, हे या पट्ट्याला परक्याने शिकवण्याचे कारण नाही. तारापूर औद्योगिक क्षेत्राचे सांडपाणी एका सामूहिक प्रक्रिया केंद्रात जाते. कोणी किती आणि काय सोडले, हे नेमके ठरत नाही तेव्हा भार सर्वांच्या नावे पडतो आणि भोग किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या वाट्याला येतो. मांगेला समाजाच्या संघटनेने याविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली, आणि २०२२ मध्ये लवादाने कारखान्यांवर व प्रक्रिया केंद्रावर भरपाईची जबाबदारी टाकली. ‘सर्वांना मुभा’ ही वरून उदार दिसणारी व्यवस्था प्रत्यक्षात बेजबाबदारांना मिळालेली सवलत असते. नाल्याबाबत जे खरे, ते फोल्डरबाबतही खरे.

२०/२४
पण नाण्याची दुसरी बाजू दडवणे हा अप्रामाणिकपणा ठरेल. ७७७ ला कंटाळलेल्या कंपन्यांनी उलट टोक गाठले आहे. २०१५ च्या एल कॅपिटनपासून ॲपलने प्रणालीच्या फाइलींना असे संरक्षण दिले, की यंत्राच्या मालकाचा सर्वोच्च अधिकारही तेथे सहजी चालत नाही. आणि संरक्षित प्रोग्रामांना ‘अमुक लायब्ररी वापर’ असे सांगणारे संकेत वाटेतच गाळले जाऊ लागले. २०१६ च्या अँड्रॉइड ७ ने ॲपना प्रणालीच्या खासगी लायब्रऱ्यांशी जोडून घेण्यास मनाई केली. वर्षानुवर्षे चाललेली कामे एका अद्यतनात अडली. यंत्र ज्याने विकत घेतले तो खातेदार, पण किल्ली परगावी. या किल्लीचा अर्थ समजण्यासाठी पुन्हा तारापूरला यावे लागते.

२१/२४
८ ऑगस्ट १९६३ रोजी भारत आणि अमेरिका यांच्यात करार झाला. तारापूरच्या भट्ट्यांना लागणारे समृद्ध युरेनियम तीस वर्षे अमेरिका पुरवील, आणि भारत ते तेथूनच घेईल. वापरलेल्या इंधनावर भारतात पुनर्प्रक्रिया करता येईल, मात्र त्याआधी दोन्ही देशांनी मिळून सुरक्षा-तपासणीबाबत निर्णय करावा. १८ मे १९७४ ला पोखरणची चाचणी झाली. तिच्यातील प्लुटोनियम तारापूरचे नव्हते, ट्रॉम्बेच्या सायरस भट्टीतले होते. तरीही १९७८ मध्ये अमेरिकेने नवा कायदा केला : ज्या देशाची सर्व अणुकेंद्रे आंतरराष्ट्रीय तपासणीखाली नाहीत, त्याला इंधन नाही. कराराचा मजकूर तोच राहिला. दात्याच्या बाजूचे अद्यतन झाले, आणि हक्क बदलले.

२२/२४
१९८० च्या मे महिन्यात अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने तारापूरच्या इंधनाचा परवाना नाकारला. अध्यक्ष कार्टर यांनी तो निर्णय बाजूला सारला, आणि सप्टेंबरात सिनेटमध्ये ४८ विरुद्ध ४६ अशा निसटत्या मतांनी इंधनाची वाट मोकळी राहिली. बोईसरजवळच्या वीजकेंद्राचे भवितव्य बारा हजार किलोमीटरवरच्या दोन मतांवर लटकले होते. १९८२ मध्ये तडजोड होऊन फ्रान्सने पुरवठा हाती घेतला. वापरलेले इंधन मात्र वर्षानुवर्षे तारापूरच्या आवारातच साठत राहिले. जमीन भारताची, पहारा भारताचा, पुनर्प्रक्रियेचे ज्ञानही भारताजवळ. पण संयुक्त निर्णयावाचून हात लावायचा नाही. फाइल स्वतःच्या फोल्डरात, वाचण्याचा हक्क आहे, चालवण्याचा नाही.

२३/२४
येथे एक सावधगिरी हवी. प्रत्येक नकार म्हणजे अन्याय, असे समीकरण मांडणारेही चुकतात. अँड्रॉइड ७ ने ज्या लायब्रऱ्या बंद केल्या, त्या ॲप लिहिणाऱ्यांना कधीच अधिकृतपणे देऊ केलेल्या नव्हत्या. त्यांनी कुंपणाची फट वापरली. फट बुजली म्हणून वहिवाटीचा हक्क सांगता येत नाही. तारापूरचे उलट होते. तेथे लेखी वचन होते, आणि त्या वचनावर विसंबूनच विशिष्ट इंधनावर चालणाऱ्या भट्ट्या उभारल्या गेल्या होत्या. म्हणून नकाराची कसोटी ‘गैरसोय झाली का’ ही नाही. कसोटी तीन प्रश्नांची आहे. वचन दिले होते का? नियम आधी जाहीर होता का? नियम बदलण्याचा अधिकार कोणाकडे आहे, आणि त्याला जाब विचारता येतो का?

२४/२४
७७७ चे समर्थक हे तीनही प्रश्न टाळतात. दूरवर किल्ली ठेवणाऱ्या कंपन्याही ते टाळतात. दोघांना कंटाळा एकाच गोष्टीचा आहे : सामाईक वस्तूची नोंदवही ठेवण्याचा. ती ठेवणे अवघड नाही. लायब्ररीची मालकी व्यवस्थापकाच्या खात्याकडे असावी, लिहिण्याचा हक्क फक्त त्याला. बाकीच्यांना वाचण्याचा, आणि ती प्रणाली मागत असेल तर चालवण्याचा. ६४४ किंवा ७५५ एवढ्यातच बहुतेक कामे भागतात. नकार आलाच तर आधी फाइल, मग तिच्यापर्यंतची वाट, मग ती जागा, मग वरचा पहारा, या क्रमाने तपासावे, आणि जो हक्क दिला त्याचे कारण लिहून ठेवावे. ‘परवानगी नाकारली’ या दोन शब्दांत १९६४ पासूनचे वाद साचले आहेत. ते न वाचता कुलूपच काढून फेकणाऱ्याने अडचण सोडवलेली नसते. त्याने ती पुढच्या माणसाच्या नावे चढवलेली असते.

(धागा समाप्त)